पाचवी कढई

पूर्णेच्या काठी आंबेगव्हाण नावाचे गाव आहे. गाव लहान, पण हळदीचे. शिमगा संपला की तिथली माणसे, बैल, भिंती, एवढेच काय भाकरीसुद्धा पिवळी दिसू लागते. या गावाच्या वेशीबाहेर, कडुनिंबाच्या पारावर केरोबा महाराज राहत. ते कुठून आले, कोणाला ठाऊक नव्हते. विचारले तर महाराज म्हणत, "सावली दिसली, बसलो." अंगाला एक पंचा, डोक्यावर दुसरा, आणि डोक्यावरचा पंचा उन्हाळाभर ओला. दुसऱ्या साधूंकडे लोक हारफुले नेतात. केरोबा महाराजांकडे घागरभर पाणी घेऊन जात. महाराज त्यातले ओंजळभर घेत आणि बाकीचे आल्यागेल्याला पाजायला लावत. उपदेश विचाराल तर फार नव्हता. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण सगळेच म्हणतो. महाराज ते करायला लावत, एवढाच काय तो फरक. त्यांच्या लीला पुष्कळ आहेत. आज ऐकायची ती पाचव्या कढईची.

ज्यांनी हळद फक्त डब्यातली पाहिली आहे, त्यांना थोडे सांगायला हवे. रानातून खणून काढलेली हळद मोठ्या लोखंडी कढईत पाणी घालून शिजवतात. वर हळदीचाच पाला आणि ओली पोती झाकायची, खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ घालायचा. हळकुंडात काडी सहज रुतली की कढई उतरली. हे काम येते नेमके चैत्रात. वर ऊन, खाली जाळ आणि मध्ये माणूस! आंबेगव्हाणात पहिली कढई खंडोबाची असे, तिच्या हळदीचा भंडारा देवाला जाई. ती पेटवायचा मान सूर्यवंशींच्या घराण्याकडे होता. कढई उतरेपर्यंत मानकऱ्याने पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, अशी रीत होती. मानकरी पीत नाही म्हटल्यावर त्याच्या कढईवरची माणसेही पीत नसत. रीत वाईट नव्हती. जुन्या लोकांनी ती घातली तेव्हा कढई एकच होती आणि तीही लहान. झुंजुमुंजू होताना पेटायची, न्याहारीच्या आत उतरायची. देवासाठी दोन घटका घशाला कोरड पडली तर कोणाचे काय बिघडते?

पण रीत राहिली तेवढीच आणि कढई वाढत गेली. आजोबांनी कढई दुप्पट केली, वडिलांनी एकीच्या तीन केल्या. मानकरीपण यशवंतराव सूर्यवंशींकडे आले तेव्हा त्यांच्या मनात आले की खंडोबाची तळी भरायला पाच जण लागतात, मग देवाच्या कढया तीनच का? त्यांनी पाच केल्या. पाचही एकाच दिवशी, एकाच चुलाणावर, म्हणजे मोठ्या चुलीवर, एकीमागून एक, आणि पाचवी उतरेपर्यंत निर्जळी. यशवंतराव मनाने दुष्ट नव्हते, पण मानाने फुगलेले होते. "सूर्य आमचा मूळपुरुष," असे ते मिशीवरून हात फिरवीत सांगत, "घरच्या माणसाला तो काय करील?" ऐकणारे माना डोलवीत. मोठ्यांच्या हो ला हो म्हणायला घसा ओला लागत नाही.

यशवंतरावांच्या मळ्यात लिंबाजी नावाचा गडी होता, एका पायाने अधू. चार वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ सोपान याच चुलाणावर जाळ घालता घालता पडला होता. त्याचे अंग तापले, घाम आटला, तो काहीबाही बरळू लागला. भोवतीच्या माणसांना वाटले, अंगात देव आला. देवाच्या कढईवर दुसरे काय वाटणार? त्यांनी भंडारा उधळला, येळकोट केला, उन्हातच त्याच्या पाया पडले. सावलीत न्यायचे कोणाला सुचले नाही. लिंबाजीनेही पाया पडून घेतले होते, आणि तेच त्याला आयुष्यभर सलत राहिले. दिवस मावळायच्या आत सोपान गेला. "त्याचं आयुष्यच तेवढं," यशवंतराव म्हणाले होते, "भाग्याचा, देवाच्या कढईवर गेला."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लिंबाजी पारावर आला आणि त्याने महाराजांना एकच गोष्ट विचारली, माझा भाऊ देवाने नेला का? महाराजांनी आधी त्याला ओंजळभर पाणी पाजले. मग म्हणाले, "देवाला न्यायचाच असता तर त्यानं सावलीत बसवून नेला असता रे. सोपानला पाणी नव्हतं, लिंबाजी. एवढंच."

त्या दिवसापासून लिंबाजी पाणक्या झाला. पायामुळे कुदळ मारणे त्याला तसेही जड जाई. महाराजांनी त्याला एकेक गोष्ट शिकवली. माणसाला तहान लागायच्या आधी पाजावे. डोईचे फडके सुकू देऊ नये. सावली पायाखाली आली की जाळापासून उठवावे. घाम आटून अंग तापले आणि जीभ बरळू लागली तर ते देवाचे वारे नव्हे, उन्हाचे आहे. त्याला सावलीत न्यावे, अंग भिजवावे, वारा घालावा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. पाणी देताना समोर कोण आहे ते बघू नये. लिंबाजीने पाराला हात लावून शपथ घेतली, की या कढईवर पुन्हा माणूस जाऊ देणार नाही. मग भोळेपणाने विचारले, "पण महाराज, पाणीच नसलं तर?"

महाराज हसले. "मग मला हाक मार. पण आधी भरून ठेवत जा बाबा, उगीच मला दगदग नको."

पुढची तीन वर्षे देवाच्या कढयांवर तो मालकाची नजर चुकवून डोया भिजवत राहिला. कोणाला काही झाले नाही, आणि काही न झाल्याचे श्रेय कोणी पाणक्याला देत नसते. चौथ्या वर्षीचा चैत्र मात्र असा तापला की मळ्यातल्या विहिरीचा गाळ उघडा पडला. कढईसाठी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून गाडीने पिंपे भरून आणावी लागली. झिरा अर्ध्या कोसावर. लिंबाजीने आदल्या संध्याकाळी चार खेपा करून आपला मोठा मातीचा डेरा भरला, चुलाणाजवळच्या आंब्याखाली ठेवला आणि त्याला गोणपाटाचे ओले तरट गुंडाळले.

पहाटे येळकोट झाला, चुलाण पेटले. पहिली कढई उतरली, दुसरी उतरली, तिसरी उतरली. लिंबाजी तांब्या घेऊन लंगडत सगळ्यांमधून फिरत होता. यशवंतरावांनी ते पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "काय करायलास रे लिंब्या? पाय एक अन् फेऱ्या शंभर! निर्जळीच्या कढईवर पाणक्याचं काय काम?"

माणसे हसली. लिंबाजीही ओशाळून हसला. म्हणाला, "पाजत नाही, मालक. डोई भिजवायलोय. डोई भिजल्यानं तर उपास मोडत नाही ना?"

यशवंतरावांनी हात झटकला. "भिजव, भिजव," ते म्हणाले, "मेणाची माणसं सगळी." लिंबाजी त्यांच्याही जवळ गेला आणि ओले फडके पुढे केले. त्यांनी ते घेतले आणि जाळात टाकले. फडके चुरचुरले, वाफ निघाली, आणि सगळे पुन्हा हसले. या वेळी हसू जरा कमी होते, कारण चौथी कढई चढली होती आणि ऊन आता बोलू लागले होते.

चौथ्या कढईची हळद पाट्यांनी उचलून वाळवणीवर नेताना गिरजा नावाची बाई मटकन खाली बसली. तिला पाचवा महिना होता. ओठ पांढरे पडलेले, डोळे फिरलेले नव्हते पण फिरायच्या बेतात. लिंबाजीने तिला आंब्याखाली नेले आणि तांब्या तिच्या ओठांना लावला. मान, रीत, मालक, कशाचाही विचार त्याने केला नाही. गिरजा घटाघटा प्यायली.

यशवंतरावांनी ते पाहिले. पहाटेपासून उपाशी, तहानलेले, तापलेले. त्यात सर्वांदेखत देवाची रीत मोडलेली. ते तरातरा आले आणि हातातला कढई ढवळायचा दांडा त्यांनी डेऱ्यावर घातला. डेरा फुटला. चार खेपांचे पाणी आंब्याच्या मुळांशी गेले आणि तापलेल्या जमिनीने ते बघता बघता पिऊन टाकले.

"देवाची कढई बाटवतोस?" यशवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा, घोगरा झाला होता. "तुझ्या त्या नागड्या बुवाला सांग, सूर्यवंशींना पाणी पाजायला अजून सात जन्म घे म्हणावं."

लिंबाजी खाली वाकला. त्याने एका मोठ्या खापरीत उरलेले पसाभर पाणी गिरजाच्या फडक्यावर ओतले. ओले तरट फाडून त्याच्या पट्ट्या दोन बायकांच्या डोईला बांधल्या आणि त्यांना घागरी देऊन झिऱ्यावर धाडले, करंजांच्या सावलीसावलीने जा म्हणाला. मग तो लोकांकडे वळला आणि सावली पायाखाली आली आहे, आता झाडाखाली या, एवढेच म्हणाला. माणसे मालकाकडे बघू लागली, मग आंब्याखाली बसलेल्या गिरजाकडे बघू लागली. सोपानची आठवण तिथे कोणाला नव्हती असे नाही. एकेक करून सगळे झाडाखाली आले.

"जा!" यशवंतराव म्हणाले. "पाचवी मी एकटा उतरवतो."

पिंपातले शेवटचे पाणी त्यांनी आधीच कढईत ओतले होते. आता ते एकटेच जाळ घालू लागले. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिले होते. पण पुष्कळदा माणूस शेपटातच अडकतो. लिंबाजी दोनदा बोलवायला गेला, दोनदा शिव्या खाऊन आला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याने पाहिले, की यशवंतराव जाळाला पाठ करून उभे आहेत आणि मेलेल्या वडिलांशी मोठ्याने बोलत आहेत. कपाळ कोरडे ठणठणीत, चेहरा लाल. ते हसले, हात वर केला आणि कोसळले.

"देव आला!" कोणीतरी म्हणाले. "मानकऱ्याच्या अंगात देव आला. भंडारा आणा!" दोघेतिघे हात जोडू लागले.

लिंबाजीला आजवर कोणी ओरडताना ऐकले नव्हते. तो ओरडला, "देव नाही, ऊन हाय! उचला त्यांना!"

त्या आवाजाने माणसे हलली. यशवंतरावांना आंब्याखाली आणले, अंगरखा काढला, सुपांनी वारा घालायला घेतला. अंग तव्यासारखे तापले होते. आता पाणी हवे होते, आणि पाणी नव्हते. झिऱ्याच्या वाटेवर अजून कोणी दिसत नव्हते. तरटाचा उरलेला तुकडाही सुकला होता. डेऱ्याची खापरे तिथेच, त्यांच्या उशाशी पडली होती.

लिंबाजी त्या खापरांकडे बघत क्षणभर उभा राहिला. याच जागेपासून दहा पावलांवर सोपान पडला होता. आयुष्यच तेवढं, हे शब्द लिंबाजीच्या जिभेवर आले. ते बोलून टाकले असते तर जगात कोणी त्याला दोष दिला नसता. संतांचा भक्त झाला तरी माणूसच तो. त्याच्या मनात ते आले, हे लपवून काय करायचे? पण पाणी देताना समोर कोण आहे ते बघायचे नाही, हेही त्याला आठवले. त्याने मान फिरवली. मळ्यात एकाच ठिकाणी पाणी होते. चुलाणावर पाचवी कढई खदखदत होती.

तो लंगडत कढईपाशी गेला आणि त्याने पाला बाजूला सारला. वाफेचा लोट तोंडावर आला. "महाराज," तो म्हणाला, "भरून ठेवलं होतं. फुटलं. आता तुम्हीच बघा." आणि बादली बुडवली.

बादली वर आली तेव्हाही तिच्यातून वाफ निघत होती. आता पाहा, महाराजांवर त्याचा पूर्ण भरवसा होता. पण तो भरवसा दुसऱ्याच्या अंगावर पैजेला लावायचा नाही, एवढे त्याला कळत होते. बादली खाली ठेवून त्याने आधी स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घातला. बघणाऱ्या बायकांनी डोळे मिटून घेतले.

लिंबाजीने हात बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. बादलीतले पाणी गार होते, सावलीतल्या डेऱ्यातले असावे तसे!

मग माणसांची रांग लागली. कढईतून बादल्या निघत होत्या आणि यशवंतरावांच्या डोक्यावर, छातीवर, काखेत ओतल्या जात होत्या. खाली जाळ भडभडत होता, वर कढई खदखदत होती, आणि बादलीत येईल ते पाणी गार. एका शंकेखोराने, असा एक सगळीकडे असतोच, परीक्षा म्हणून कढईत बोट घातले आणि बोंबलत मागे सरला. पुढे आठ दिवस तो ते बोट गुंडाळून हिंडत होता. हळदीच्या पाण्याने यशवंतराव डोक्यापासून पायापर्यंत पिवळे झाले. भंडाऱ्याने देवाला न्हाऊ घालावे तसे ते दिसत होते.

विसाव्या बादलीला त्यांनी डोळे उघडले. लिंबाजीला ओळखले. पहिला शब्द आला तो हाच, "कढई उतरली का?"

"उतरली, मालक," लिंबाजी म्हणाला. "देवानं उतरवली. तुमच्याच अंगावर."

तेवढ्यात झिऱ्यावरच्या बायका पोहोचल्या. लिंबाजीने पाण्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा विरघळवला. भांडे शोधायला वेळ नव्हता, म्हणून हाताला आली ती डेऱ्याची खापरी भरली आणि एकेक घोट पाजला. तीन घोट झाल्यावर यशवंतरावांनी खापरी स्वतःच्या हातात घेतली. तिच्याकडे बघितले. ती कशाची आहे हे कोणी त्यांना सांगितले नाही.

ऊन उतरल्यावर त्यांना गाडीत घालून, पाल्याची सावली करून गावात आणले. घरी न नेता पारावर न्या, असे त्यांनीच सांगितले. तिथे वेगळाच प्रकार होता. केरोबा महाराज पाण्याने भरलेल्या परातीत दोन्ही हात बुडवून बसले होते. पारावरचे लोक सांगू लागले, की दुपारी महाराज बोलता बोलता थांबले, आलो रे म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात समोरच्या रिकाम्या जागेत खाली घातले. कपाळावर घाम. हात वर घेतले तेव्हा कोपरापर्यंत फोडच फोड आणि कातडी पिवळीधमक! कोणी तूप आणायला धावला तर महाराज म्हणाले, तूप भाकरीला ठेवा, मला साधे पाणी द्या.

लिंबाजीने ते हात पाहिले आणि तो मटकन पारावर बसला.

"रडतोस कशाला?" महाराज म्हणाले. "तू हाक मारलीस म्हणून आलो. तेवढं पाणी निववायचं म्हणजे हात भाजायचेच. म्हणून तर म्हणत होतो, आधी भरून ठेवत जा."

यशवंतराव गाडीतून उतरले. मिशीला हळद लागली होती. ज्यांना त्यांनी आजच नागडा बुवा म्हटले होते, त्यांच्यासमोर ते उभे राहिले आणि त्या फोडांवरून त्यांना नजर काढता येईना. महाराजांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी सावकाश विचारले, "यशवंता, देवानं तुझ्याकडं काय मागितलं होतं?"

"भंडारा, महाराज."

"आणि माणसांची तहान कोणी मागितली?"

 यशवंतराव लिंबाजीकडे वळले. त्यांनी विचारले, "सोपान पडला तेव्हा... तिथं पाणी होतं का रे?"

"नव्हतं, मालक."

"मी म्हणालो होतो, त्याचं आयुष्यच तेवढं."

  सूर्यवंशींचा मानकरी साऱ्या गावादेखत खाली वाकला आणि त्याने पाणक्याच्या अधू पायावर डोके ठेवले. लिंबाजी संकोचाने पाय मागे ओढू लागला, तेव्हा महाराज हलकेच म्हणाले, "राहू दे, लिंबाजी. त्याच्या डोक्याला आज सावली मिळू दे."

महाराजांच्या हातांचे फोड महिन्याभरात वाळले, पण कोपरापर्यंतचा हळदीचा पिवळेपणा अखेरपर्यंत गेला नाही. आंबेगव्हाणात आजही देवाची कढई एकच, लहान, झुंजुमुंजूला पेटते आणि न्याहारीच्या आत उतरते. बाकीच्या कढयांना उपास नाही. सावली पायाखाली आली की जाळ ओढून घेतात, माणसे आंब्याखाली जातात आणि उन्हे कलल्यावर परत येतात.

पुढच्या वर्षी, हळद शिजवायच्या आदल्या दिवशी, यशवंतराव कुंभाराकडून नवा डेरा स्वतःच्या खांद्यावरून घेऊन आले आणि झिऱ्यावरून चार खेपा करून त्यांनी तो भरला. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत देवाची कढई उतरली. येळकोट झाला. तेव्हा ते लिंबाजीपुढे गेले आणि ओंजळ धरली. ओंजळीने पाणी पिणाऱ्याला वाकावेच लागते. यशवंतराव वाकले. ऊन अजून तापायचे होते, पहाटेचा गारवा होता, आणि त्यांना अजून तहानसुद्धा लागली नव्हती.

"घ्या, मालक," तांब्या तिरपा करीत लिंबाजी म्हणाला, "तहान लागायच्या आधी."